तांदळाच्या दाण्याएवढा गोंद

पतंगाच्या कामट्या उरल्या की किनुए सुगिउरा त्या मागून घेते. मे महिन्यातल्या पतंगांसाठी गल्लीतले पुरुष फेब्रुवारीपासूनच बांबू फोडायला बसतात. तिचा नवरा तेत्सुजी त्यांच्यात सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात हेकट. बोटभर लांबीचे निरुपयोगी तुकडे तो बाजूला फेकतो, ती ते वेचते आणि ओसरीच्या उन्हात बसून तासते. एकाला विळ्यासारखं वाकडं टोक, दुसऱ्याला उलथन्यासारखी चपटी धार, तिसऱ्याला सुईसारखं अणकुचीदार.

"माझ्या कामट्या काय दात कोरायला आहेत?" तेत्सुजी विचारतो.

"दातच कोरतेय," ती म्हणते. "माझे नाहीत एवढंच."

लोखंडाच्या हत्याराने तांब्याच्या बारीक रेषा ओरबाडल्या जातात. बांबू मऊ असतो आणि तरी हट्टी असतो. ज्या गोष्टीला हात लावायचा नाही तिच्यावरून तो घसरतो, जी काढायची तिच्यात रुततो. किनुएला हे कुणी शिकवलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी शिकवायला कुणी उरतही नाही.

तीन वर्षांत तिने एकेचाळीस यंत्रांच्या पोटातला गोंद काढला होता. तो गोंद तिनेच लावलेला होता.

यंत्रं दिसायला पियानोच्या धाकट्या भावंडासारखी. पण पियानोला स्वतःचा आवाज असतो, यांना नाही. सॅम्पलर म्हणतात त्यांना. जो आवाज ऐकवाल तो ऐकायचा, त्याचे आकडे करून ठेवायचे आणि पट्टी दाबली की परत द्यायचा. कुत्रा ऐकवला तर कुत्रा, खोकला ऐकवला तर खोकला, खालच्या पट्टीत जाड आणि वरच्या पट्टीत चिरका. एकोणीसशे शहाऐंशी साली हे नवल होतं. हामामात्सु शहराच्या दक्षिणेला, समुद्राकडच्या बाजूला, एका कारखान्याने अशी सहाशे चाळीस यंत्रं केली आणि पाच वर्षांनी कारखाना बंद पडला. आता त्यांतली शंभरएक उरली असतील. प्रत्येकाच्या मधोमध एक चौकोनी चिप आहे. ती फक्त याच यंत्रासाठी बनवली होती, आणि तिचे साचे कधीच भंगारात गेले. बाकी सगळं बदलता येतं: बटणं, पट्ट्या, पडद्यामागचा दिवा, फ्लॉपी घेणारं तोंड. ती चिप गेली की यंत्र म्हणजे नुसती पेटी.

संगणकात त्या यंत्राची नक्कल मिळते, चांगली मिळते. किनुए ते नाकारत नाही. आपण हाताने केलेली वस्तू आपल्याच हाताने मरते आहे, हे कळल्यावर स्वस्थ कसं बसायचं, एवढाच तिचा प्रश्न असतो. त्याला नकलेचं उत्तर चालत नाही.

कळलं ते तीन वर्षांपूर्वी, मार्सियो ओयामाच्या दुकानात. मार्सियोचे आजोबा इथून ब्राझीलला गेले आणि नातू एकोणिसाव्या वर्षी उलटा इथे आला, मोटारीचे भाग जोडायला. आता तो पन्नाशीचा आहे, आणि स्टेशनामागे ग्योझाच्या, म्हणजे सारणाच्या करंज्यांच्या, दुकानाला लागून त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. काम जुन्या वाद्ययंत्रांचं, पण शेजारपाजारचे लोक पंखे आणि रेडिओही आणून टाकतात. किनुए त्या दिवशी भाताचा कुकर घेऊन गेली होती. झाकण लागत नव्हतं.

टेबलावर एक यंत्र उघडं पडलं होतं. तिने ते ओळखलं. उघडं पडलेलं होतं म्हणूनच ओळखलं. बाहेरून तिने ते फारसं पाहिलेलंच नव्हतं.

मार्सियो भिंगातून पाहत एकटाच बडबडत होता. "कोण गाढव होता रे हा? कोण? पाव समजून लोणी फासलंय की काय!"

"काय झालं?" किनुएने विचारलं. प्रत्येक म्हातारीला मार्सियो बाच्चान, म्हणजे आजी, म्हणतो.

"गोंद, बाच्चान, गोंद! हे मोठे कपॅसिटर, वीज साठवणारे डबे, हलू नयेत म्हणून तेव्हा बुडाशी गोंदाचा ठिपका द्यायचे. ठिपका! हा बघा, नुसता चिखल. आणि हा गोंद कसा? नवा असताना पिवळा, बिचारा, निरुपद्रवी. पंचवीस-तीस वर्षं ऊब खाल्ली की तपकिरी होतो, आणि तपकिरी झाला की तांबं खातो. वर त्यातून वीजही पाझरते. जिथे जायला नको तिथे जाते. ठिपका असता तर कपॅसिटर गेला असता, दुसरा बसवला असता. ह्या गाढवाने पार चिपच्या पायांपर्यंत नेलाय."

किनुएने कुकर खाली ठेवला.

"गाढवीण," ती म्हणाली.

"काय?"

"मी होते. तिसऱ्या रांगेत, सहाव्या जागेवर. बारा वर्षं."

मार्सियोने भिंग डोक्यावर सरकवलं. त्याला माफी मागावीशी वाटली असणार, पण त्याच्या तोंडून निघालं ते असं, "मग काढा की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांबूच्या कामट्या घेऊन हजर झाली. कुकर आजही त्याच्याच दुकानात आहे. झाकण अजून लागत नाही.

गोंद एवढा का लावला, याचं उत्तर तिच्या घरी भिंतीवर टांगलेलं होतं. शहाऐंशीच्या हिवाळ्यात पहिली बारा यंत्रं समुद्रापार गेली आणि मार्चमध्ये त्यांतली चार परत आली. वाटेतल्या हादऱ्यांनी आतले भाग निखळले होते. रांगेचे मुकादम ओताके, ज्यांना सगळे ओताके-हानचो म्हणत, सगळ्या कारखान्यासमोर माफीसाठी कमरेत वाकून उभे राहिले. बराच वेळ. किनुए तेव्हा तीस वर्षांची होती. त्या वाकलेल्या पाठीवरची शिवण तिला अजून दिसते. ती एका जागी उसवलेली होती.

ड्रॉइंगमध्ये लिहिलं होतं: प्रत्येक कपॅसिटरच्या बुडाशी एक ठिपका, तांदळाच्या दाण्याएवढा. तिने तीन दिले. मग तिन्ही जोडणारी एक ओळ दिली. ओताके-हानचो भाग जडवलेला प्रत्येक बोर्ड कानाशी नेऊन हलवायचे, आणि आत काही वाजलं नाही की तपासणीच्या चिठ्ठीवर शिक्का मारायचे. किनुएचे बोर्ड वाजेनासे झाले. एकही यंत्र परत आलं नाही. मग तिने रीतसर सुधारणेची सूचना लिहून दिली, ती मंजूर झाली, आणि सोळा जूनला तिला व्यासपीठावर बोलावून प्रशस्तिपत्रक आणि एक टॉवेल मिळाला. टॉवेल विरून गेला. प्रशस्तिपत्रक तिने मार्सियोच्या दुकानातून परतल्यावर उतरवलं आणि कपाटात पालथं ठेवलं.

मग यंत्रं येऊ लागली. साप्पोरोहून, ओसाकाहून, एक पार ग्दान्स्कहून. मार्सियो यंत्र उघडायचा, ती गोंद काढायची. आधी कोमट हवा, मग स्पिरिटचा थेंब, मग वाट पाहणं, मग बांबू. घाई करणारा माणूस या कामाला नालायक, आणि हळवा त्याहून नालायक. एकेचाळीसपैकी तीन वाचली नाहीत. त्या तिघांचे क्रमांक तिला पाठ आहेत. बाकीचे पाठ करण्याची तिला गरज वाटली नाही.

यंदाच्या फेब्रुवारीअखेर मार्सियोने एक पत्रक तिच्यासमोर टाकलं. शहराच्या वाद्यसंग्रहाचं नवं दालन चौदा एप्रिलला उघडणार होतं. त्या दिवशी शाळेच्या मुलांसमोर इथलीच जुनी यंत्रं चालू करून दाखवायची होती. फोटोत पहिलंच होतं ते सॅम्पलर. क्रमांक अठ्ठावन्न.

"हे कधी विकलंच नाही," मार्सियो म्हणाला. "कारखान्याने शहराला दिलं. खालच्या झाकणावरची कागदी मोहोर अजून शाबूत आहे म्हणतात. म्हणजे आत कुणी गेलेलं नाही."

"म्हणजे गोंद तसाच आहे."

"आणि हे लोक त्यात वीज सोडणार."

किनुएने कामटी पुसली, कापडात गुंडाळली, आणि प्रशस्तिपत्रक आणायला घरी गेली.

संग्रहाचे अभिरक्षक नारुसे चाळिशीचे, नीटनेटके, पांढरे सुती हातमोजे खिशात ठेवणारे गृहस्थ. त्यांनी तिला चहा दिला, तिचं सगळं ऐकून घेतलं, मार्सियोने काढलेले मेलेल्या चिपांचे फोटो एकेक करून पाहिले.

"सुगिउरा-सान, बावीस वर्षांपूर्वी आम्ही ते चालू केलं होतं. उत्तम चाललं."

"तेव्हा गोंद पिवळा असेल. पिवळा वीज अडवतो. तपकिरी वाट देतो."

"पण तो तपकिरी झालाय हे तुम्ही पाहिलेलं नाही."

"मोहोर तोडल्याशिवाय कसं पाहणार?"

"तेच तर." नारुसेंनी पेला बशीच्या बरोब्बर मध्यावर ठेवला. "माझ्याकडे या शहरात बनलेली शेकडो वाद्यं आहेत. प्रत्येकाला कुणीतरी दुरुस्त केलंय, सुधारलंय, बिघडवलंय. माझ्या आधीच्या अभिरक्षकांनी एका तज्ज्ञाला एक ऑर्गन साफ करू दिलं. ते आता फर्निचर आहे. ज्याच्या पोटात कुणाचाच हात गेला नाही असं हे एकच."

"हात गेलाय. माझा."

नारुसे हसले नाहीत. त्यांनी प्रशस्तिपत्रक दोन्ही हातांनी उचललं आणि तारखेवर बोट ठेवलं. "सोळा जून. तुमची सूचना मंजूर झाली सोळा जूनला. अठ्ठावन्न नंबरचं यंत्र जोडलं गेलं एप्रिलमध्ये, तेवीस तारखेला; आमच्या दप्तरात तसं आहे. म्हणजे त्यात ड्रॉइंगप्रमाणे एकच ठिपका असणार. तुम्ही साफ केलेल्यांत जूनच्या आधीचं एकतरी होतं?"

"नाही. सगळी नंतरची."

"मग कशाच्या आधारावर तोडू?"

त्या क्षणी ती बोलू शकली असती. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. ती उठली, वाकली, चहाबद्दल आभार मानले आणि बाहेर पडली. बाहेर कोरडा वारा नेहमीसारखा आडवा वाहत होता आणि सायकली एका बाजूला झोपल्या होत्या.

"आणि तुम्ही नुसत्या वाकून परत आलात?" मार्सियो ओरडला. "बाच्चान, पण गोंद तर तुम्ही एप्रिलपासून लावत होतात! मला सांगितलंय तुम्ही. एक एप्रिलपासून!"

"हो."

"मग सांगायचं ना तिथल्या तिथे!"

"तुला नाही कळायचं."

"बरोबर आहे, मला नाहीच कळायचं. मी पहिल्या दिवशी पाना उलटा धरला तर तीन माणसं माफी मागून गेली. माझी नाही, एकमेकांची! मी पाना धरून उभा."

ती हसली, पण लगेच थांबली. "हे बघ. गोंद सडेल हे कुणालाच माहीत नव्हतं. ती चूक काळाने केली म्हण. पण मी अडीच महिने ड्रॉइंग सोडून काम केलं. कुणाला न विचारता. मंजुरी नंतर घेतली, जणू आजच सुचलं अशी. आणि त्या प्रत्येक बोर्डाच्या चिठ्ठीवर ओताके-हानचोंचा शिक्का आहे: ड्रॉइंगप्रमाणे, म्हणून. मी बोलले तर ते सगळे शिक्के खोटे ठरतात."

"आहेत का अजून हानचो?"

"आहेत. एकोणनव्वद."

मार्सियोने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "चौदा एप्रिलला सहा आठवडे आहेत," तो म्हणाला. "मी काही बोलत नाही."

हे बोलणं त्याच्या दृष्टीने गप्प बसणंच होतं.

किनुए दोन दिवस कामावर आली, पण कामटी हातात घेतली नाही. बेचाळिसावं यंत्र टेबलावर आलेलं होतं, त्याच्याकडे ती पाहत बसायची. अडतीस वर्षं ती एक गोष्ट नीट घडी घालून बाळगत होती. लाज तर होतीच, पण घडी मोडायची नाही ही सवय लाजेपेक्षा जुनी झाली होती. आपण एवढं जपलं ते नेमकं कुणासाठी, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. ओताके-हानचोंसाठी, असं उत्तर यायचं, आणि ते तिला पटायचं नाही. तिसऱ्या दिवशी तिने संत्र्यांची पिशवी घेतली आणि सरोवराकाठच्या वृद्धाश्रमाची बस पकडली.

ओताके-हानचो खिडकीशी चाकांच्या खुर्चीत होते. एका कानाने ऐकू येत नव्हतं. तिने दुसऱ्या बाजूला स्टूल ओढलं. सगळं सांगितलं. ती सांगत होती तोवर ते संत्रं सोलत राहिले, साल एकसंध, न तुटू देता.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"अडीच महिने."

"बोर्ड?"

"शंभरएक."

"म्हणजे शंभर वेळा मी खोटा शिक्का मारला."

"हो."

"आणि प्रशस्तिपत्रक द्यायला वर मीच उभा होतो."

"हो."

"हो हो काय लावलंय! एक कान आहे ना अजून मला!" खोलीतल्या दुसऱ्या म्हाताऱ्याने मान वळवली. ओताके-हानचोंनी अर्धं संत्रं तिच्या हातावर ठेवलं, रागानेच ठेवलं.  "मी हलवून ऐकायचो," ते म्हणाले. "वाजलं नाही की ठीक. झाकण काढून पाहायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. मार्चमध्ये मी सगळ्यांसमोर वाकलो ना, त्यानंतर मला ते वाजलेलं ऐकायचंच नव्हतं. तू न वाजणारे बोर्ड दिलेस, मी घेतले. का वाजत नाहीत, हे मी विचारलं नाही. सुगिउरा, विचारणं हे माझं काम होतं."

तिने हातातल्या संत्र्याची एक फोड सोडवली.

"कागद आणलायस?"

तिने आणला होता. सगळं लिहिलेलं होतं: तारखा, ठिपके, ओळ, आणि परवानगी नव्हती हे वाक्य.

"शिक्का त्या खणात आहे. हात थरथरतो माझा. धर." तिने त्यांचं मनगट धरलं. "हात नव्हे! कागद धर."

शिक्का थोडा तिरपा उमटला. ओताके-हानचोंनी तो पाहिला, आणखी एक कागद मागितला, पुन्हा मारून पाहिला आणि म्हणाले, "दुसराही तिरपाच. पहिलाच दे."

नारुसेंनी तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी हातमोजे घातले.

"हे मी दप्तरी लावणार, सुगिउरा-सान. कायमचं राहील."

"म्हणून तर लिहिलं."

"आणि आत जास्तीचा गोंद नसला तर?"

"तर मोहोर उगाच तुटली आणि मी उगाच बदनाम झाले. दोन्ही लिहून घ्या."

नारुसेंनी वरिष्ठांना फोन केले, अर्ज केले, अठ्ठावीस मार्चची तारीख ठरवली. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांच्या कार्यशाळेत मोठ्या खिडकीखाली यंत्र पालथं ठेवलेलं होतं. मोहोर नारुसेंनी स्वतः कापली, पातळ पात्याने, कागद न फाडता. ते करताना त्यांचा श्वास ऐकू येत होता. मार्सियोने सोळा स्क्रू काढले. झाकण उचललं.

 तिन्ही मोठे कपॅसिटर बुडाशी गाडलेले होते. गोंद जळलेल्या साखरेसारखा काळपट, त्यावर भेगा, आणि तिची ती ओळ, तीस वर्षांच्या बाईने मन लावून ओढलेली सरळ ओळ, चिपच्या सात पायांवर चढून बसलेली.

"चौदा तारखेला यातच वीज सोडणार होतो," नारुसे हळूच म्हणाले.

झाकणाच्या आतल्या बाजूला तपासणीची चिठ्ठी चिकटवलेली होती. ड्रॉइंगप्रमाणे. खाली ओताके-हानचोंचा शिक्का, सरळ, ठसठशीत. किनुएने तो एकदा पाहिला आणि बाह्या सारल्या.

कोमट हवा. स्पिरिट. वाट पाहणं. बांबू. दुपारी बारापर्यंत पहिले दोन कपॅसिटर मोकळे झाले. डबा उघडून तिने भाताचा गोळा खाल्ला, हात धुतले, पुन्हा बसली. निघालेला प्रत्येक कण नारुसे चिमट्याने उचलून काचेच्या बरणीत टाकत होते. दोनच्या सुमारास ती चिपच्या पायांशी पोहोचली. एक पाय, दोन, तीन. चौथा मोकळा झाला. पाचव्यावरचा गोंद सुटला आणि त्याच्याबरोबर पायही आला. कामटीच्या टोकावर तो दिसत होता, हिरवट, मुंगीच्या पायाएवढा.

नारुसे भिंतीला टेकले. मार्सियो, आयुष्यात पहिल्यांदाच, खरोखर गप्प बसला.

किनुएने कामटी खाली ठेवली. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि ते शांत होईपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं. पाय आधीच मेलेला होता; गोंदाने त्याला फक्त उभं धरून ठेवलं होतं. आज तुटला हे बरं झालं असंही नव्हतं, वाईट झालं असंही नव्हतं. तुटला होता.

"कानस," ती म्हणाली. "सगळ्यात बारीक. आणि भिंग तू धर."

उरलेले दोन पाय आधी मोकळे केले. मग पाचव्या जागी चिपची काळी कड ती घासू लागली. आत धातू असतोच, पाय तिथूनच बाहेर येतो. दोनदा घासायचं, पाहायचं. दोनदा घासायचं, पाहायचं. एकदा जास्त घासलं असतं तर चिप गेली असती. अर्ध्या तासाने काळ्यात एक चमक दिसली, टाचणीच्या टोकाएवढी. तिथे तिने केसासारखी तार सोल्डर केली. बारा वर्षं रोज केलेलं काम हाताने विसरायचं ठरवलं नव्हतं.

तार बसली. पण अधांतरी होती. यंत्र उचललं, हललं, तर निखळेल.

"हिला टेकू हवा," मार्सियो म्हणाला, आणि खिशातून एक छोटी नळी काढली. त्याचा चेहरा अपराध्यासारखा झाला होता. "हा नवा आहे, बाच्चान. हा तपकिरी होत नाही. म्हणतात."

गोंद होता.

किनुएने नळी हातात घेतली आणि फिरवून पाहिली. "किती लावायचा लिहिलंय?"

मार्सियोने बारीक अक्षरं वाचली. "ठिपका. दोन मिलिमीटर."

"म्हणजे तांदळाचा दाणा." ती नारुसेंकडे वळली. "नारुसे-सान, इथे एक ठिपका गोंद लावायचा आहे. एकच. तुमची परवानगी आहे का?"

नारुसेंनी भिंतीवरून पाठ सोडवली, वही उघडली, वेळ लिहिली, तीन वाजून दहा मिनिटं, ठिपका एक, दोन मिलिमीटर, आणि मग म्हणाले, "आहे."

तिने लावला. हात आपोआप दुसऱ्या ठिपक्याकडे निघाला होता. तिने तो मागे घेतला, नळीचं झाकण घट्ट केलं आणि नळी मार्सियोच्या खिशात परत घातली, जणू ती टेबलावर राहिली तर धोका होता.

नवे कपॅसिटर बसवून झाले तेव्हा चार वाजून गेले होते. वीज सोडण्याचं बटण नारुसेंनी दाबायचं होतं, ते म्हणाले तुम्ही दाबा, ती म्हणाली यंत्र तुमच्याकडचं आहे, तुम्ही दाबा. शेवटी मार्सियोने दाबलं. पडदा हिरवा झाला. कारखान्याची तपासणीची फ्लॉपी यंत्रासोबतच जपलेली होती. ती कुरकुरत आत गेली, आणि खूप वेळ काहीच झालं नाही, जसं तेव्हाही व्हायचं नाही.

किनुएने मधली पट्टी दाबली. सायकलची घंटी वाजली. कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी सायकलची, शहाऐंशी सालची, जरा गंजलेली. रांगेच्या शेवटी हाच आवाज दिवसभर वाजायचा आणि डोकं उठवायचा. ती एकेक पट्टी खाली जात राहिली. घंटी जाड होत गेली, संथ होत गेली, आणि सगळ्यात खालच्या पट्टीवर देवळातल्या मोठ्या घंटेसारखी घुमली. नाद विरेपर्यंत तिने बोट उचललं नाही. मग वरची पट्टी दाबली, आणखी वरची, सगळ्या एकसष्ट. एकही मुकी नव्हती.

नारुसे बरणी उजेडात धरून पाहत होते. तळाशी बोटभर गोंद जमला होता. "हा मूळचा आहे," ते म्हणाले. "टाकता येणार नाही. नोंद करावी लागेल. चिठ्ठीवर काय लिहू?"

"गोंद. लावणारी किनुए सुगिउरा. काढणारी तीच."

"भिंग धरणारा मार्सियो ओयामा," मार्सियो म्हणाला. "तेही लिहा. हात दुखतोय माझा."

नारुसेंनी खरंच लिहिलं.

किनुए कामट्या पुसून कापडात गुंडाळत होती. अठ्ठावन्न नंबर वाचला होता, पण त्या अडीच महिन्यांतले बाकीचे बोर्ड कुठेकुठे, कुणाकुणाच्या घरी, जूनच्या आधीचे म्हणून निर्धास्त पडून होते. आजवर तिच्याकडे त्यांतलं एकही आलं नव्हतं. का येईल? त्यांच्यातही एवढा गोंद आहे हे तिने आजवर मार्सियोखेरीज कुणाला सांगितलंच नव्हतं.

"माझा तो कागद," ती म्हणाली, "दप्तरात ठेवू नका नुसता. सगळ्यांना वाचता येईल असा लावा. संगणकावर लावता ना तुम्ही? तिथे. ज्यांच्याकडे एप्रिल ते जूनमधलं यंत्र असेल त्यांनी वीज सोडायच्या आधी वाचायला हवा."

नारुसेंनी लेखणी खाली ठेवली. "लावू. नाव झाकून लावता येईल, सुगिउरा-सान. तुमचं आणि ओताके-सानांचंही."

"नको. ओताके-हानचोंना मी विचारते. माझं राहू द्या," किनुए म्हणाली. "नाव झाकलंत तर यंत्र कुणाकडे पाठवायचं ते लोकांना कसं कळणार? आणि खाली पत्ता घाला. ग्योझाच्या दुकानाशेजारी."